हवामान कोरडे राहील

हवामान खात्याची थट्टा करणं हा मराठी विनोदी लेखकांचा वडिलोपार्जित धंदा आहे. खात्यानं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी आणि ऊन सांगितलं की बरोबर घ्यावी, हा विनोद माझ्या वडिलांनी ऐकला, मी ऐकला, आणि हल्ली माझा मुलगा तोच विनोद नवा म्हणून मला मोबाइलवर पाठवतो. मी तो इथे सुरुवातीलाच सांगून टाकला आहे, म्हणजे पुढे मध्येच येण्याची भीती नको.

कारण मी राहतो जवाहरनगरला, जिल्हा भंडारा. आमच्याकडे उन्हाळ्यात खातं चुकलं असं म्हणण्याची सोय नाही. एप्रिल उजाडला की 'विदर्भात हवामान कोरडे राहील' हे वाक्य सुरू होतं ते थेट मृगापर्यंत, आणि चार-दोन अवकाळी दिवस सोडले तर रोज खरं ठरतं. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा इतका तंतोतंत मेळ मी आजवर कुठल्याही ताळेबंदात पाहिलेला नाही.

जवाहरनगर ही नागपूर-भंडारा रस्त्यावरची वस्ती. १९६२ साली चीनशी युद्ध झालं आणि देशाला दारूगोळ्याची टंचाई जाणवली, तेव्हा जे नवे कारखाने निघाले त्यांतला एक १९६४ मध्ये इथे आला. ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला. पाटी बदलली, ऊन मात्र पूर्वीच्याच खात्यात राहिलं. कारखान्यामुळे इथे माणसं येतात ती अख्ख्या हिंदुस्थानातून. नवा माणूस बंगालचा असो की केरळचा, मार्च महिन्यात तो हटकून म्हणतो, "उन्हाळा काय, आमच्याकडेही असतो." त्याला आम्ही उत्तर देत नाही. पंचवीस एप्रिलच्या सुमारास तोच माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा घालून, कूलरची वुडवूल कुठे मिळते हे विचारत फिरताना दिसतो. (पुण्याहून आलेला माणूस दुपट्टा बांधत नाही. तो पुण्यात रात्री कसा गार वारा सुटतो ते सांगतो आणि जूनपर्यंत बदलीचा अर्ज करतो.)

आमच्या शाखेतल्या शिपाईकाकांना ४३ अंशांची बातमी वाचून दाखवली तर ते म्हणतात, "आता त कुठं तपाले सुरुवात झाली जी." त्यांचा अंदाज खात्यापेक्षा जुना आहे. कावळ्यानं घरटं झाडाच्या शेंड्यावर बांधलं की खाली, टिटवीनं अंडी खोलगटात घातली की उंचवट्यावर, नवतपा नीट तपला की नाही, या तीन नोंदींवर त्यांचं कार्यालय चालतं. नवतपा म्हणजे पंचवीस मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरचे नऊ दिवस. हे नऊ दिवस जितके जाळतील तितका पाऊस चांगला, असा हिशेब. मला यात मुदत ठेवीचं तत्त्व दिसतं. आत्ता सोसा, पुढे व्याजासकट मिळेल. पंचांगात तर प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहनही दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस भरपूर, गाढव, कोल्हा, उंदीर आला तर शेतकऱ्याच्या पोटात गोळा. आमच्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्याचे दाणे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा किती हलला त्यावरून पाऊस, पीक आणि राजा यांचं भविष्य सांगतात. राजा म्हणजे सरकार. हवामान आणि राजकारण एकाच खात्यात घेणारी अशी शाखा दुसरी नसावी.

साहेबांच्या राज्यात हेच काम कागदावर आलं. १८६४ साली कलकत्त्यावर मोठं चक्रीवादळ आदळलं, मागोमाग ओरिसात दुष्काळ पडला, आणि १८७५ मध्ये हवामान खातं निघालं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ जास्त पडलं की पाऊस कमी, असं त्यांनी ताडलं आणि ४ जून १८८६ रोजी हिंदुस्थानच्या पावसाचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज दिला. म्हणजे थट्टेचा धंदाही साधारण त्याच तारखेपासून धरायला हरकत नाही.

त्यांच्यामागून आले जॉन इलियट. हे गृहस्थ तीस-तीस पानी अंदाज लिहीत. १८९९ मध्ये त्यांनी पाऊस सरासरीपेक्षा चांगला होईल असं सांगितलं, आणि त्या वर्षी जो दुष्काळ पडला तो 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. (विक्रम संवत १९५६ होतं.) आपला हा सगळा मुलूख, तेव्हाचा मध्य प्रांत, त्यात अक्षरशः होरपळला. वर्तमानपत्रांनी खात्यावर झोड उठवली. त्यावर सरकारनं काय करावं? पुढची काही वर्षं अंदाज गोपनीय ठेवला. अंदाज काढायचा, लखोट्यात घालायचा आणि फक्त सरकारला द्यायचा. पाऊस मात्र उघड्यावरच पडत किंवा न पडत राहिला. कारकून म्हणून मला या निर्णयाचं कौतुक वाटतं. तक्रार आली की तक्रारपेटी आतल्या खोलीत हलवायची, हा शोध तेव्हापासूनचा दिसतो.

मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचे गणिती. हवामानाचं शिक्षण शून्य. बूमरँग फेकण्याचा आणि ते परत का येतं याचं गणित मांडण्याचा नाद. यांनी ठरवलं की आधी जगभरचे आकडे गोळा करायचे आणि कशाशी काय जुळतं ते पाहायचं. दक्षिण अमेरिकेचा हवेचा दाब, ऑस्ट्रेलियाचा पाऊस, नाईल नदीचा पूर, सगळं ताडून पाहायचं. आता हे ताडून कोणी पाहिलं? हिंदी कारकुनांनी! यंत्र नव्हतं, संगणक नव्हता. ओळीनं बसलेले कारकून, समोर रकाने, शेजारी शाईची दौत. त्यांनी वर्षानुवर्षं बेरजा-गुणाकार केले तेव्हा लक्षात आलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, आणि या झोक्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. आज 'एल निनो' म्हणून जी गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे तिच्या आकलनाची एक मुळी या रकान्यांत आहे. पुढे शास्त्रज्ञांनी वातावरणातल्या त्या चक्राला नाव दिलं ते वॉकरसाहेबांचं. चालायचंच. आमच्याकडेही ताळेबंद जुळवतो कारकून आणि सही असते मॅनेजरची.

पण मला गंमत वाटते ती खात्याच्या पत्त्याची. आधी कलकत्ता, १९०५ नंतर शिमला, १९२८ ला पुणे, १९४४ ला दिल्ली. पुण्याच्या शिवाजीनगरात त्या जागेला अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात. उन्हाळ्यात रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं तरी गार वाटावं. सोनेगावला नागपूरचं प्रादेशिक केंद्र आहे हे खरं, पण मुख्य साहेब आमच्या उन्हात कधी बसले नाहीत. आणि एकट्या हवामानवाल्यांनाच का बोल लावायचा? मध्य प्रांताचं सरकार नागपूरचं. पण ऊन चढलं की फायली, शिरस्तेदार आणि साहेबांची कुत्री अशी सगळी मिरवणूक पचमढीच्या डोंगरावर जाई. पुढे १९५३ चा नागपूर करार झाला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि विदर्भाला मान म्हणून विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं. ते कोणत्या महिन्यात घ्यावं? डिसेंबरात! संत्री आलेली असतात, कोट घालता येतो. क्वचित कधी पावसाळ्यात घेतलं. २०१८ च्या जुलैत घेतलं तेव्हा मुसळधार पावसानं वीज जाऊन कामकाज थांबलं. पण मे महिन्यात नागपूरला अधिवेशन भरवावं असं एकाही पक्षाच्या जाहीरनाम्यात मी आजवर वाचलेलं नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यावर चर्चा व्हायची ती नेहमी हिवाळ्यात.

माझ्या आजोबांचं या सगळ्यात एक वेगळंच गाऱ्हाणं होतं. त्यांचं ऊन फॅरनहाइटमधलं. एकशे पंधरा अंश म्हणजे ऊन, असा त्यांचा पक्का बाजारभाव. मग १९५७ ला नवे पैसे आले, पुढे मापंही दशमान झाली, आणि वर्तमानपत्रातलं तेच ऊन एकदम ४६ वर आलं. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, "रुपयाची किंमत उतरली तशी उन्हाचीही उतरवली बाप्पा यायनं. अंग मात्र पूर्वीएवढंच भाजते."

त्यांचं हे बोलणं मी थट्टेवारी नेत असे. पण आकडा आणि अंग यांच्यातलं अंतर खरंच आहे, आणि ते फॅरनहाइटपेक्षा जुनं आहे. ते समजायला हवामान खात्याचे नियम वाचावे लागतात. मी ते वाचले. परिपत्रकं वाचायची सवय असल्यामुळे मला ते कादंबरीसारखे लागले.

उदाहरणार्थ 'तुरळक ठिकाणी'. हे गाव कुठे आहे असं आम्ही लहानपणी विचारायचो. तर ज्या विभागाबद्दल बोलणं चाललं आहे त्यातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. निम्म्यापर्यंत गेला तर काही ठिकाणी, पाऊण हिश्श्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी, वर गेला की जवळजवळ सर्वत्र. एकदम चोख. आमच्या कर्जवसुलीचा अहवाल याच भाषेत लिहिता आला तर किती बरं होईल.

तशीच उष्णतेची लाट. ऊन लागलं की लाट, असं नसतं. मैदानी भागात पारा किमान ४० पाहिजे, शिवाय त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर पाहिजे. नाहीतर सरळ ४५ तरी गाठला पाहिजे. तेही एका गावात होऊन भागत नाही. हवामानाच्या उपविभागात, म्हणजे आमच्यासाठी अख्ख्या विदर्भात, निदान दोन केंद्रांवर आणि लागोपाठ दोन दिवस. मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर. दोन जामीनदार आणि दोन हप्ते, म्हणा ना. समुद्रकाठच्या गावांना ३७ अंशांपासून लाट मिळू शकते, थंड हवेच्या ठिकाणी तिसापासून. आमच्या बाजूला मे महिन्याची सरासरीच मुळी ४२-४३. म्हणजे मुंबईला अडतीस अंशांत लाट येऊ शकते, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येऊ शकते, आणि त्याच दिवशी जवाहरनगरला ४४ अंशांत अधिकृतरीत्या काहीही झालेलं नसतं. हवामान कोरडं असतं, इतकंच.

नियम चूक नाही हो. माणूस जिथे राहतो तिथल्या उन्हाला थोडा सरावतो, हे खरंच आहे. पण सरावतो म्हणजे किती, आणि कोण?

इथे आता त्या डब्याची गोष्ट आली. तापमान मोजण्याचा थर्मामीटर उन्हात ठेवत नाहीत. उन्हात ठेवला तर तो हवेऐवजी स्वतःचंच तापलेलं अंग मोजतो. म्हणून लाकडाची पांढरी पेटी, चारी बाजूंना झडपा, आत वारा खेळता, जमिनीपासून चारेक फूट उंच, आणि पेटीखाली शक्यतो गवत. ही पेटी ज्यांनी तयार केली ते थॉमस स्टीव्हन्सन धंद्यानं दीपगृहं बांधणारे. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे वडील. मुलानं जगाला खजिन्याचं बेट दिलं आणि बापानं सावलीची पेटी. आमच्याकडे मे महिन्यात निवड करायला सांगितली तर बेट कोणी घेणार नाही.

२०२४ च्या तीस मेला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा देशभर हलकल्लोळ झाला. नागपूरचा अधिकृत उच्चांक ४७.९, तो २३ मे २०१३ चा. खात्यानं तपासणी केली आणि यंत्रात दोष असल्याचं सांगितलं. खातं बरोबर होतं. पण आमच्या कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर एकमत असं झालं की त्या एका यंत्रावरची सावली तेवढी सरकली असेल.

पेटीची ही माहिती मी एकदा काउंटरवर सांगितली. तलावातला गाळ काढण्याच्या कामाची मजुरी जमा झाली का, हे पाहायला पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. पासबुक छापेपर्यंत त्यांनी विचारलं, "आज किती हाय जी ऊन?" मी मोबाइल पाहून सांगितलं, चव्वेचाळीस. "कुठं मोजते?" मी पेटी समजावून दिली: पांढरा रंग, झडपा, सावली, वारा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या डब्यात बसाले भेटते का जी बाबू?"

हॉलमध्ये सगळे हसले. त्याही हसल्या. पासबुक पिशवीत घातलं, पदर डोक्यावर ओढला आणि बाहेर गेल्या.

मी वर तलाव म्हटलं, त्याचंही सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. जो तलाव बांधील त्याला जमीन, असा व्यवहार होता. नवेगाव बांधासारखा प्रचंड तलाव त्यातलाच (१९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे). गावोगाव लहान बोड्या तर किती! त्या लोकांपाशी थर्मामीटर नव्हता, अंदाज नव्हता. दरसाल उन्हाळा येणार आणि तो वाईटच असणार, एवढं एकच भाकीत त्यांनी गृहीत धरलं आणि मातीची पाळ घातली. तलावामुळे धान पिकलं, विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिलं, गुरांना डुंबायला जागा झाली. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' झाले. सरकारी कारकुनाला एवढं लांब नाव लिहायचा कंटाळा. त्यानं 'मामा तलाव' केलं. तेव्हापासून ते मामासारखेच वागवले जातात. लग्नाला आठवण येते, बाकी वर्षभर गाळ कोणी काढायचा ते ठरत नाही. ज्या वर्षी ठरतं त्या वर्षी ते काम निघतं उन्हाळ्यात, कारण तलाव तेव्हाच कोरडा असतो. म्हणजे उन्हाळ्यासाठी सावली साठवायचं काम भर उन्हात, तळाच्या तापलेल्या मातीत. तिथे पेटीही नाही आणि गवतही नाही. त्या बाईंचा प्रश्न विनोदी नव्हता, हे माझ्या लक्षात यायला कॉमर्सची पदवी पुरते.

उन्हानं माणसं मरतात हे सरकारदरबारी आकड्यात यायला आपल्याकडे अहमदाबाद व्हावं लागलं. २०१० च्या मे महिन्यात तिथे नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त माणसं दगावली. मग २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा आराखडा केला: आधी सूचना द्यायची, दवाखाने तयार ठेवायचे, पाणपोया लावायच्या, दुपारची कामं थांबवायची. नागपूरसह इतरांनी मागाहून तो कित्ता गिरवला. आता मोबाइलवर पिवळा, केशरी, लाल असे इशारे येतात. हे सगळं चांगलंच आहे. आमचं गणित फक्त एवढंच, की इशारा लाटेचा असतो आणि रांग रोजची असते.

आमची शाखा लहान. आत कूलर, बाकडं एक, माणसं मावतात वीस. मजुरी किंवा पेन्शन जमा होण्याच्या दिवशी रांग बाहेर पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत जाते, आणि दुपारी बारानंतर तिथे पाऊल ठेवायला सावली नसते. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात रांगेतले एक म्हातारे बाबा पायरीवर टेकले आणि टेकल्या जागी आडवे झाले. अंग तव्यासारखं, घाम नाही. शिपाईकाकांनी त्यांना उचलून आत आणलं, अंगावर ओला दुपट्टा टाकला, कूलर त्यांच्याकडे वळवला. कॅशियरनं आपली गाडी काढली. चार दिवस दवाखान्यात राहून बाबा घरी आले. ते वाचले, पण पेन्शनच्या दिवशी आता त्यांचा नातू येतो.

आम्ही वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं: शाखेबाहेर सावलीची हिरवी जाळी बांधायला मंजुरी मिळावी. तीन आठवड्यांनी उलट विचारणा आली, 'सदर दिनांकास आपल्या भागात उष्णतेची लाट जाहीर झाली होती काय? असल्यास पुरावा जोडावा.' मी जुने आकडे काढले. त्या दिवशी पारा ४४ च्या घरात. सरासरीपेक्षा दीड अंशानं वर. लाट नव्हती. मी तसं प्रामाणिकपणे कळवलं आणि प्रकरण संपलं.

यंदा फेब्रुवारीत आमच्या कॅशियरबाईंना खर्चाच्या शीर्षांत 'शाखा सुशोभीकरण (रोपे व निगा)' अशी एक ओळ सापडली. तिला लाटेची अट नव्हती. आम्ही क्रोटनच्या दोन कुंड्या आणल्या आणि 'रोपांचे उन्हापासून संरक्षण व्हावे' म्हणून जाळीची मागणी पाठवली. आठ दिवसांत मंजूर. जाळी दहा बाय तीस फुटांची आहे. क्रोटन एका कोपऱ्यात ठेवले आहेत. त्यांना रोज पाणी घालायचं काम शिपाईकाकांकडे आहे, कारण तपासणीला साहेब आले तर रोपं हिरवी दिसली पाहिजेत. उरलेल्या अठ्ठावीस फुटांत रांग उभी असते, आणि माठ ठेवला आहे तोही कागदोपत्री कुंड्यांसाठीच आहे.